गुलाबी पिशवीतली भाकरी

"भाकरी कशासाठी पाहिजे, हे गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं, वहिनी," मी म्हणालो. "कापडवाला विचारतो का, लुगडं कशासाठी म्हणून?"

"इचारतो की," कलावहिनी म्हणाल्या. "पयला त्योच सवाल असतोय. लग्नाचं दाखवू का दिवसकार्याचं?"

हे खरं होतं. मी दुसरं उदाहरण शोधू लागलो. अर्थशास्त्रात बी. ए. झालेल्या माणसाला उदाहरणांची टंचाई नसते. नोकरीची असते.

दाराबाहेर मोटारसायकल चालू ठेवून गलांड्यांचे जावई उभे होते. विट्याचे. तिथं त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना ऑर्डर द्यायची सवय होती. गलांड्यांचे थोरले आबा पहाटे गेले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. सकाळी दहालाच माती आटपून माणसं अंगणात बसली होती, पाच गावची, दोनशेच्या घरात. आणि घरात चूल पेटायची नव्हती.

"दोनशे भाकरी," जावई म्हणाले होते, "एकपर्यंत. पिठल्याचं मी ढाब्यावर सांगितलंय."

मी "हो" म्हणालो होतो. मग आत येऊन वहिनींना सांगितलं होतं. या क्रमालाच पुढं मी माझ्या व्याख्यानांत 'निर्णयक्षमता' म्हणू लागलो.

ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची. आमचं गाव करंजओढा, आटपाडीच्या बाजूचं. पाऊस नावापुरता, शाळू मात्र असा की भाकरी दोन दिवस मऊ राहते. आता अशा गावात भाकरी विकायची म्हणजे माशाला पाणी विकण्यातलाच प्रकार. घरोघरी चूल, घरोघरी तवा. पण मी एक गोष्ट हेरली होती. आमच्याकडं लग्न असो, जावळ असो, मोठ्या जेवणाच्या भाकरी एका घरी होत नाहीत. आदल्या दिवशी घरोघरी पीठ वाटतात आणि प्रत्येक घर भाकरी करून परत देतं. पूर्वी ते हसत व्हायचं. मग सुना शिकल्या, भावकीत वाटण्या झाल्या, बांध कोरले गेले. कुणी पीठ घेईना, कुणी घेतलं तर करपलेल्या भाकरी परत देई. एका लग्नात तर व्याह्यांच्या पंगतीला भाकरीत भुसा निघाला. तो पंधरा गुंठ्यांचा भुसा होता, असं लोक म्हणाले.

मी म्हटलं, इथं धंदा आहे.

कलावहिनी आमच्या शेजारच्या. नात्याच्या नव्हेत, पण त्यांचा नवरा अंकुश माझ्या बरोबरीनं वाढलेला, म्हणून वहिनी. अंकुश विहिरीतलं इंजिन चालू करायला खाली उतरला आणि धुरानं तिथंच बसला. वर आला तो दोराला बांधून. तेव्हापासून वहिनी डाळिंबाच्या बागेत रोजानं जायच्या. त्यांच्या हातच्या भाकरीला पापुद्रा असा सुटायचा की खालची बाजू जळायच्या आधी वरची हसायची. मी तीन चुली घालून दिल्या, पत्र्याचं छप्पर टाकलं, कर्जाची वाट न बघता आईच्या पाटल्या मोडल्या आणि 'कलावती भाकरी केंद्र' उभं केलं. वहिनींच्या जोडीला चार बाया. त्यात हौसाक्का, साठीची, हातात साचा असल्यासारखी एका मापाची भाकरी थापणारी.

तीन वर्षांत पाच गावं आमची झाली. मला त्यात सगळ्यात कौतुक वहिनींच्या धंद्याच्या दृष्टीचं वाटायचं. ऑर्डर घेऊन आम्ही जीपनं जायचो. वहिनी जीपमध्येच बसून राहायच्या, मांडवात मी जायचो. परत आलो की त्यांचा एकच प्रश्न.

"खाल्ली का माणसांनी?"

"खाल्ली की."

"नवरदेवानं?"

"त्यानं पण."

"नवरीनं?"

"वहिनी, नवरी लाजते, ती कशाला खाईल?"

"घास तरी मोडला असंल की."

"मोडला."

मग त्या पदर डोक्यावर ओढून जीपच्या खिडकीतून मांडवाकडं बघत बसायच्या. ग्राहकाचं मत घेण्याची ही तळमळ पुस्तकात दोन पानं घेते, आणि ही बाई चौथी नापास. मी हे सगळ्यांना सांगायचो.

त्या वर्षी मी पिशव्या छापल्या. गुलाबी, प्लॅस्टिकच्या, पाच-पाच भाकरींच्या. वर कलश, खाली नाव, त्याखाली: 'लग्न, साखरपुडा, जावळ, वास्तुशांती. सर्व मंगलकार्यांच्या ऑर्डरी घेतल्या जातील.' दोन हजार पिशव्या. कमी छापल्या तर महाग पडतात, असं छापणारा म्हणाला, आणि हे अर्थशास्त्राला धरून होतं.

तर जावई दारात आणि मी उदाहरण शोधतोय.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "त्या दारात भाकरी शेजारनं जाती. न सांगता जाती. कुणी मागायची नसती आणि कुणी इकायची नसती."

"बरोबर. पण गेली का शेजारनं? अकरा वर्षं आबांची दोन पोरं विहिरीवरनं कोर्टात आहेत. थोरल्याची भावकी म्हणते धाकट्याकडचे नेतील, धाकट्याची म्हणते थोरल्याकडचे नेतील. सोयरे लांबून आलेत. माणसं सकाळपासनं उपाशी आहेत. आपण नाही दिली तर ढाब्याची रोटी येईल."

"मग जाऊ द्या मी एकटी. माझ्या घरातल्या पाच भाकरी नेते फडक्यात बांधून."

"दोनशे माणसांत पाच भाकरी?"

"माझ्या पाच. तुमच्या आईच्या पाच. हौसाक्काच्या पाच. अशीच जाती ती."

"आणि बाकीची घरं नाही आली तर?"

गावाबद्दल त्यांना खात्री देता येत नव्हती. धंदा नेमका अशाच जागी उगवतो. जिथं शेजार संपतो तिथं. हे वाक्य मला तेव्हा सुचलं होतं आणि मी ते वहीत लिहून ठेवलं होतं, हे आता सांगायला काही वाटत नाही.

हौसाक्कानं काठवट बाजूला सारली. "माझं मनगाट धरलंया बया," ती म्हणाली. "काल पास्नं. मी जाते."

"काल तर शंभर थापल्या तुम्ही, अक्का," मी म्हणालो.

"तवाच धरलं."

ती गेली. तिच्यामागं दुसरीच्या पोराला ताप आला. उरल्या दोघी आणि वहिनी. बाहेर जावयांनी हॉर्न वाजवला, मयताच्या घरचा माणूस वाजवेल तितका, हळू.

"तुमी हो म्हणून बसलाय न्हवं?" वहिनींनी विचारलं.

"हो."

त्यांनी पीठ घेतलं. उकळतं पाणी ओतलं. मळताना एकदाच मान वर केली.

"एवढं ऐका. पिशव्या नका देऊ. टोपलीत न्या, वर पांढरं फडकं टाका. कुणाच्या चुलीवरची हाय ते दिसू देऊ नका."

"बरं," मी म्हणालो.

आणि टोपल्या जीपमध्ये चढवल्यावर, वहिनी चुलीपुढं पाठमोऱ्या असताना, मी पिशव्यांचा गठ्ठा सीटखाली सरकवला. पाच गावची दोनशे माणसं एका अंगणात, पुन्हा अशी कधी जमणार? प्रत्येकाच्या हातात आपलं नाव. यात्रेत याच कामासाठी लोक भोंगा भाड्यानं घेतात.

गलांड्यांच्या अंगणात शेडनेटचं छप्पर होतं. मधोमध सतरंजी. डावीकडं थोरल्याची माणसं, उजवीकडं धाकट्याची, आणि मध्ये आबा जिथं सकाळी होते तिथं दिवा. मी ओढ्याच्या वळणावर जीप थांबवून एकेका पिशवीत एकेक भाकरी भरली होती. आता एकेकाच्या हातात देत गेलो. दोन्ही बाजूंना सारख्या. निःपक्षपाती सेवा.

पुजारवाडीचा एक म्हातारा होता, डोळ्याला जाड भिंगं. त्यानं पिशवी डोळ्यांजवळ नेली आणि अक्षर लावून मोठ्यानं वाचू लागला. म्हाताऱ्यांची ती सवयच असते.

"लग्न... साखर... साखरपुडा... जावळ... वास्तुशांती..."

अंगण शांत होतं, त्यामुळे शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. 'ऑर्डरी घेतल्या जातील' हेसुद्धा. म्हाताऱ्यानं दिव्याकडं बघितलं, मग पिशवीकडं, मग माझ्याकडं. मी हात जोडले. मला वाटलं, प्रसंगाला शोभेल असं तेवढंच आहे.

थोरल्यानं घास मोडला. धाकट्यानं मोडला. दोनशे माणसांनी मान खाली घालून आमची भाकरी खाल्ली. मऊ होती. एकानंही शिल्लक ठेवली नाही.

परत आलो तर वहिनींनी चुली सारवून ठेवल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही, खाल्ली का म्हणून. रिकाम्या टोपल्या बघितल्या आणि एका टोपलीच्या तळाशी अडकलेली गुलाबी पिशवी काढून हातात धरली.

"चुकून गेली एखादी," मी म्हणालो.

त्यांनी ती घडी घालून चुलीवरच्या वळचणीला खोचली.

पहिलं लग्न रद्द झालं ते सहा दिवसांनी. म्हणजे लग्न नव्हे, भाकरी. नवरदेवाचा चुलता स्वतः आला, चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला आणि उठताना म्हणाला, "पोरांना हल्ली चपातीच लागती वो, श्रीरंगराव." मग साखरपुडा गेला. त्यांनी "पाव्हण्यांचा आग्रह पुरीचा हाय" म्हणून सांगितलं. वास्तुशांतीवाल्यानं सांगितलंच नाही. आम्ही दीडशे भाकरी घेऊन गेलो तर मांडवात आधीच ताटं वाढलेली, घरोघरच्या करपलेल्या, भुशाच्या, वेगवेगळ्या मापाच्या भाकऱ्यांनी. त्यांनी पुन्हा घरोघरी पीठ वाटलं होतं. भांडण असलेल्या घरांतसुद्धा. आमच्यामुळं गावांत एकोपा वाढला, असं कुणी म्हणालं असतं तर मी नाही म्हणू शकलो नसतो.

मी कारणं शोधत होतो. दर जास्त झाला का? स्पर्धक आला का? वहीत दोन रकाने आखले.

एका दुपारी शेवंताबाई आल्या, पुजारवाडीच्या. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नातवाच्या जावळाच्या तीनशे भाकरी त्यांनी महिनाभर आधी सांगून ठेवल्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. थेट चुलीजवळ जाऊन वहिनींच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"कला, मी खोटं बोलणार न्हाई. पोरांना चपाती लागती असं सांगाय आली हुती. पर तुझ्याफुडं बोलवंना."

"बोला की."

"तुझी भाकरी मी आबाच्या दारात खाल्लीया. त्या गुलाबी पिशवीतली. आता ती पिशवी बघितली की मला आबाचा दिवा दिसतोया. बारक्याच्या ताटात मी ती कशी वाढू, बया? तूच सांग. तू म्हणशील वाढ, तर वाढते."

चूल विझलेली होती, तरी वहिनी फुंकणी हातात धरून बसल्या होत्या.

"नका वाढू," त्या म्हणाल्या.

"राग न्हाई न्हवं?"

"न्हाई. बारक्याला माझा... बारक्याचं जावळ चांगलं हू द्या."

त्या 'आशीर्वाद' म्हणणार होत्या. शब्द वळवला. तेव्हा मला ते नुसतं ऐकू आलं.

मी मध्ये तोंड घातलं. पिशवीचा रंग बदलता येईल, म्हणालो. नाव बदलता येईल. शेवंताबाईंनी माझ्याकडं बघितलं. आपल्या कोंबडीनं माणसासारखं बोलावं आणि तेही चुकीचं बोलावं, तसं.

आठवड्यानं एसटीडी बूथवरनं निरोप आला. शेजारच्या खिंडीपलीकडच्या गावात कुणीतरी गेलं होतं. दीडशे भाकरी पाहिजेत. 'गलांड्यांच्या इथं दिल्या होत्या तशा.'

मी पळतच आलो. "वहिनी, मागणी आहे! वेगळी आहे, पण आहे. आणि या धंद्यात दुसरं कोणीच नाही. शिवाय याला मुहूर्त लागत नाही, बाराही महिने..."

मी थांबलो, कारण त्या हसत होत्या. त्यांना मोठ्यानं हसताना मी अंकुशनंतर पहिल्यांदा बघत होतो. हसू संपलं तेव्हा पदराचा एक कोपरा ओला होता.

"भावजी, तुमी लई शिकला. एक सांगा. अंकुश गेल्यापास्नं मला हळदीला कुणी बोलावलंय? लग्नात कुणी म्हणलंय, कला, फुडं ये, नवरीला हळद लाव?"

"नाही."

"मी मांडवात का येत नव्हते, जीपमधी का बसून राहायची, तुमाला काय वाटलं?"

मला जे वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. टोपल्यांवर लक्ष ठेवायला, असं वाटलं होतं.

"मला येता येत नव्हतं. माझी भाकरी जात हुती," त्या म्हणाल्या. "नवरीच्या ताटात. नवरदेवाच्या तोंडात. बारक्याच्या जावळाला. तिला कुणी अडवलं न्हाई. तीन वर्सं माझे हात मांडवात फिरत हुते, भावजी. मी गाडीत बसून बघायची." फुंकणी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. "आता भाकरी पण माझ्यासारखी झाली."

बाहेर डाळिंबवाल्याचा ट्रॅक्टर गेला. मी चप्पल पायात सरकवली.

"मग खिंडीपलीकडं नाही म्हणून सांगू?"

"सांगा."

मी बूथवर जाऊन नाही म्हणून सांगितलं. परत येताना पाहिलं, तर वहिनींच्या घरच्या चुलीतून, केंद्राच्या नव्हे, घरच्या, धूर येत होता. थोड्या वेळानं त्या बाहेर पडल्या. हातात पांढऱ्या फडक्याची लहान गाठ. पाच भाकरी असाव्यात. मेलेला माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. खिंड चढून दीड तास लागतो. मी जीप काढतो म्हणालो.

"ही चालतच जाती," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्या डाळिंबाच्या बागेत कामाला गेल्या. केंद्राच्या छपराचे पत्रे हौसाक्कानं शेळ्यांसाठी नेले. तिचं मनगट तोवर बरं झालं होतं. उरलेल्या अठराशे पिशव्या आमच्या माळ्यावर पडून राहिल्या. आई त्यांत वर्षानुवर्षं काहीबाही बांधून ठेवायची, फक्त खाण्याचं सोडून.

मला मात्र या अनुभवावर नोकरी लागली. ग्रामीण भागात उद्योग कसा उभा करावा, हे मी गेली वीस वर्षं सांगलीत राहून गावोगावच्या बायकांना शिकवतो. मुलाखतीत विचारलं होतं, "स्वतः कधी काही चालवलंय का?" मी तीन वर्षांचं सांगितलं. चौथं त्यांनी विचारलं नाही. नाव, पिशवी, जाहिरात यावर माझा एक तास असतो. बायका लिहून घेतात.

वहिनी सहा वर्षांपूर्वी गेल्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं. गावातला एकजण म्हणाला, त्यांच्या दारात त्या दिवशी भाकरीच्या सतरा टोपल्या आल्या होत्या, खायला माणसं कमी पडली. गलांड्यांच्या दोन्ही घरांतून आल्या होत्या. वेगवेगळ्या.

गेल्या माघात माझी आई गेली. सांगलीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. इमारतीतले सगळे आले, दारात चपला काढून हात जोडून उभे राहिले, लिफ्ट आली तसे गेले. चांगली माणसं आहेत. दीड वाजता पाहुण्यांतली म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं बघत होती. गॅस पेटवायचा नव्हता आणि जिन्यात कुणाची पावलं वाजत नव्हती.

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. नंबर माझ्याच एका प्रशिक्षणार्थीचा होता. मिरज रस्त्याला नुकतंच भाकरी केंद्र काढलेली मुलगी, सुनंदा नावाची. माझा आवाज तिनं ओळखला नाही.

"साठ भाकरी," मी म्हणालो. "तासाभरात मिळतील?"

"मिळतील की दादा. कार्य काय आहे?"

ही गोष्ट विचारायची नसते असं मी तिला वर्गात शिकवलं होतं. तिनं लिहूनही घेतलं असणार.

"जावळ," मी म्हणालो.

"अगं बाई! मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"नाव काय ठेवलं?"

आत दिव्याशेजारी आईचा फोटो होता, घाईत काढलेल्या प्रिंटचा.

"चंद्रभागा."

"जुनं नाव ठेवलंत, छान केलंत," ती म्हणाली. "चार भाकरी माझ्याकडनं जास्त घालते, बाळासाठी."

गाडीवाला आला तेव्हा मी खाली जिन्यातच त्याला गाठलं. पिशव्या पिवळ्या होत्या. वर तिचं नाव, फोन नंबर, आणि तोरणाचं चित्र. ते तोरण बहुधा मीच सुचवलं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसून मी एकेक पिशवी मोकळी केली, भाकरी आमच्या पितळी परातीत रचल्या आणि वर आईचं धुतलेलं पांढरं लुगडं टाकलं. पिशव्या घडी घालून खिशांत कोंबल्या. तेरा पिशव्या दोन खिशांत नीट मावत नाहीत.

"कुठनं आल्या?" मामांनी विचारलं. ऐंशीचे आहेत. गावाकडनं एसटीनं आले होते.

"शेजारनं," मी म्हणालो.

"अजून करत्यात व्हय शेजारी," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा जरा सैल झाला. "चांगली माणसं लाभली तुला."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. बसताना खिशातल्या पिशव्या वाजल्या. मामांनी मान वळवून बघितलं. मी घास मोडला आणि दिवा जळत होता तिकडं बघत राहिलो.